चूळ भरून दिलेला शब्द

आपा घाडी शब्द द्यायच्या आधी चूळ भरायचे.

म्हणजे अगदी खरोखरची चूळ. त्यांच्या पडवीच्या कठड्यावर पाण्याने भरलेला पितळी तांब्या कायम असायचा. तुम्ही विचारलंत, "आपानू, उद्या आमच्या लावणीक येतल्यात?" की ते आधी तोंडातलं पान खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला थुंकायचे, तांब्या उचलायचे, माडाच्या बुंध्याशी उभं राहून खळखळून चूळ भरायचे, खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसायचे आणि मग सांगायचे, "येतंय." चूळ न भरता नुसतंच "बघूया" म्हणाले, तर खुशाल दुसरा माणूस शोधावा. त्यांच्या लग्नात भटजी नवऱ्याकडून शब्द वदवून घेऊ लागले तेव्हा हे पाटावरून उठून चूळ भरायला गेले होते, असं त्यांची बायको हयातभर सांगायची. आणि आपा तिथेच बसून ऐकायचे, वर म्हणायचे, "मगे? खरकट्या तोंडान दिलेलो शबद देव आयकणा नाय. माणसान तरी कित्याक आयकूचो?"

गावाचं नाव मी लिहिणार नाही. एकदा ते नको तिथे लिहिलं गेलं, तेवढं पुरे. कट्टा नावाच्या बाजारगावाला एसटीतून उतरून आत चालू लागलात की काजूच्या बागा ओलांडल्यावर लागतं, एवढ्यावर भागवा. माझं माहेर याच गावात आणि सासरही याच गावात, वाड्या तेवढ्या वेगळ्या. त्यामुळे आपांनी मला फ्रॉकात पाहिलेलं, साडीत पाहिलेलं आणि पुढे गळ्यात ओळखपत्र अडकवून मिरवतानाही पाहिलेलं. त्यांच्या लेखी मी चेडूच, घरातली पोर. "गो मंदा, गो चेडवा," अशी हाक खळ्यातून आली की मी हातातलं काम टाकून जायची.

घाटावरच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे गावाचं काहीही असो, पेरणी, जत्रा, कोणाचं दुखणं, कोणाचा मुंबईला निघालेला मुलगा, ते आधी देवासमोर गाऱ्हाणं घालून सांगतात. एक माणूस पुढे उभा राहून देवाशी बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक मागणीला मागे उभा असलेला गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" त्या होकाराने बोलणं पक्कं होतं. मग ते एकट्याचं राहत नाही, गावाचं होतं. आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान आपांचा. एरवी बेताच्या अंगाचा, दोन कुणग्यांत भात आणि थोडी काजू लावणारा माणूस. पण देवळात उभे राहिले की आवाज असा लागायचा की पायरीवरची कुत्रीसुद्धा उठून बसायची.

तर आमच्या गावात लागोपाठ काही माणसं किडनीने गेली. आधी पाय सुजायचे, मग तोंड, मग डायलिसिसच्या फेऱ्या, आणि मग संपलंच. कोण म्हणे पाणी वाईट, कोण म्हणे शेतातली औषधं. अशात एका मोठ्या शहरातल्या संस्थेची माणसं आली. गावातल्या प्रत्येकाचं रक्त आणि लघवी तपासायची, दोन फेऱ्यांत, असा त्यांचा बेत. त्यांना गावातली एक बाई हवी होती, बारावी झालेली, मोबाईल चालवता येणारी. ती मी. हुद्दा 'क्षेत्र सहायिका'. काय तो हुद्दा आणि काय माझा तोरा! घरोघरी लोक "मंदा मॅडम" म्हणायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

संस्थेच्या प्रमुख एक तरुण डॉक्टर होत्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. वाईट बाई असती तर सोपं गेलं असतं. पण ही हसरी, लाघवी, आपांना "आजोबा" म्हणणारी, खळ्यात मांडी घालून आंबोळ्या खाणारी. पहिल्या दिवशी आपांनी सगळ्यांपुढे गूळपाणी ठेवलं. बाकीच्यांनी आपापल्या बाटल्या काढल्या. ती मात्र आमच्या विहिरीचं पाणी घटाघटा प्यायली. तिथेच आपा अर्धे विरघळले.

पण अर्धेच. तिने संमतीपत्र पुढे केलं, चांगलं आठ पानी. आपांनी चष्मा लावला आणि सगळं, अक्षर न् अक्षर, माझ्याकडून वाचून घेतलं. बाकीची मंडळी जांभया देत होती. वाचून झाल्यावर आपांनी विचारलं, "ह्येच्यात तुमी रगत नेतल्यात ता लिवलेलां आसा. तुमी परत येतल्यात, असां खंय लिवलेलां आसा?"

कुठेच नव्हतं. मॅडम क्षणभर गोंधळली, मग हसली. पर्समधून पेन काढून तिने शेवटच्या पानाखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'प्रत्येकाचा अहवाल आम्ही घरी आणून देऊ व समजावून सांगू.' खाली सही केली. आपांनी तो कागद देवळाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि म्हणाले, "ही तुमची रीत जाली. आता आमची."

पुढच्या सोमवारी सकाळी गाव देवळात जमला. मॅडमला पुढे उभी केली. आपांनी चूळ भरली, नारळ ठेवला आणि आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! ही डाक्टरीण बाय लांबसून तुझ्या पायाकडे इली हा. गावाचां रगत नेतली. तर गेलेल्या रगताची खबर जेच्या तेच्या उंबऱ्यार येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला. आणि मॅडमनेही डोळे मिटून, हात जोडून म्हटलं, "व्हय म्हाराजा!" तिच्या मागचा एक मुलगा मोबाईलवर सगळं टिपत होता. आमच्या लेखी त्या दिवशी करार झाला, देव साक्षीला ठेवून. तिच्या लेखी एक छानसा व्हिडिओ झाला. हे कळायला आम्हाला दोन पावसाळे लागले.

रक्त द्यायला सगळे तयार झाले, एक रुक्मिणकाकी सोडून. आपांच्या शेजारची ही बाई. नवरा किडनीनेच गेलेला. मी सुई घेऊन आलेल्या मुलीला तिच्या दारात नेलं तर काकीने आतूनच सांगितलं, "माका नुको. माझ्या घोवाचां असांच रगत काडत रवले, आणि तो गेलो."

मी समजावलं, छापील माहितीपत्रक वाचून दाखवलं. शेवटी आपांकडे गेले. ते आले आणि काकीच्या पडवीत बसले. आग्रह नाही, उपदेश नाही. सदऱ्याची बाही वर केली आणि त्या मुलीला म्हणाले, "आधी माझां काड. वयनीक बघूंदे." रक्त नळीत चढताना ते काजूच्या भावाबद्दल बोलत होते. मग उठले, काकीच्याच तांब्यातलं पाणी घेऊन चूळ भरली. "वयनी, तुझो रिपोर्ट पयलो तुझ्या हातात देतलंय. शबद."

काकीने आपांकडे पाहिलं आणि हात पुढे केला. माझ्याकडे नाही पाहिलं, मॅडमच्या संस्थेकडे नाही. तो हात आपांच्या शब्दावर पुढे आला होता. मला तेव्हा नुसता आनंद झाला, की चला, शंभर टक्के काम झालं!

तीन महिन्यांत अहवाल येणार होते. तीनाचे सहा झाले. आपा रोज संध्याकाळी खळ्यातून हाक मारायचे, "गो चेडवा, रिपोर्ट इले?" मी "येतले, येतले" म्हणायची. तोवर ते खरंच होतं, निदान मला तसं वाटत होतं.

दिवाळीच्या तोंडावर आमची मीटिंग मोबाईलवर झाली. गावात रेंज नाही, म्हणून मी कट्ट्याच्या स्टँडमागे उभी राहून ऐकत होते. मॅडम नव्हत्या, त्या नोकरी सोडून दुसरीकडे गेल्या होत्या. नवे साहेब म्हणाले, प्रत्येकाला वेगळा अहवाल देणं आता योजनेत नाही. माहिती मुख्य कार्यालयात जमा झाली आहे, ती आता उघडता येणार नाही. "लोकांनी विचारलं तर 'प्रक्रिया सुरू आहे' असं सांगा. आणि दुसऱ्या फेरीचे नमुने वेळेत पूर्ण करा."

मी काय करायला हवं होतं ते शाळेतलं पोरही सांगेल. थेट आपांच्या खळ्यात जाऊन सांगायचं, "आपानू, आमच्या तोंडाक पानां पुसल्यानी." मी नाही सांगितलं. एसटीत बसून मी स्वतःची समजूत घालत आले, की साहेब बदलतील, मॅडमला फोन करू, काहीतरी होईल. गळ्यातलं ओळखपत्र काढायचं नव्हतं मला. आणि खरं सांगायचं तर, आपांच्या समोर उभं राहून ते वाक्य बोलायची लाज वाटत होती. मग मी मूग गिळून बसले. दुसऱ्या फेरीला पुन्हा सगळ्यांच्या दारात गेले. काकीने विचारलं, "पयल्याचां काय जालां?" मी म्हटलं, "काम चालू आसा, काकी." तिने पुन्हा हात पुढे केला.

रोज संध्याकाळची हाक चालूच होती. एकदा आपा म्हणाले, "चेडवा, डाक्टरणीक काय जालां तर नाय मां? बरी आसा मां ती?" म्हणजे बघा! ती फसवील हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. देवासमोर "व्हय म्हाराजा" म्हटलेलं माणूस आलं नाही, तर ते आजारीच असणार. मी "बरी आसा" म्हणाले आणि घाईघाईने घरी आले.

पुढच्या गणपतीनंतर काकीचे पाय सुजले. आठवड्याभरात तोंडही सुजलं. तिने स्वतःच ओळखलं, कारण नवऱ्याचं सगळं तिने पाहिलेलं होतं. मी कट्ट्याला जाऊन मॅडमचा जुना नंबर लावला. तिने उचलला. मी रुक्मिणकाकीचं नाव सांगितलं. तिने ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग हळूच म्हणाली, "मंदा, त्यांचं क्रिएटिनिन पहिल्याच फेरीत वाढलेलं होतं. मी पाहिलं होतं. मी सांगायला हवं होतं गं. मला फार वाईट वाटतंय."

वाईट वाटतंय म्हणे! आमच्या विहिरीचं पाणी प्यायली ती, आमच्या देवासमोर हात जोडले तिने, आणि वर्षभर ते आकडे उराशी धरून गप्प बसली. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या फोनवर कळलं. मी तिला नाही नाही ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि थोड्या वेळाने तिच्याकडे राहिलेल्या काकीच्या अहवालाचा फोटो माझ्या मोबाईलवर पाठवला. एवढं सोपं होतं ते. अंगठ्याने एकदा दाबायचं, बस.

कट्ट्याच्या झेरॉक्सच्या दुकानात मी तो कागद छापून घेतला आणि आपांच्या खळ्यात गेले. ते काजूच्या वाळलेल्या फांद्या तोडत होते. मी कागद दिला आणि सगळं सांगितलं. मॅडमचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं. त्याच आठवड्यात मुंबईला असलेल्या गावच्या मुलांनी मोबाईलवर संस्थेच्या कुठल्याशा परिषदेचा फोटो पाठवला होता, तोही दाखवला. मोठं सभागृह, पडद्यावर आमच्या गावाचं नाव, आणि त्याखाली बाही वर केलेले आपा, हसणारे.

आपांनी तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "आमचां रगत सगळ्या जगान वाचल्यान," ते म्हणाले. "आमकाच तेवडां वाचूक गावलां नाय."

मग कोयती खाली ठेवून त्यांनी विचारलं, "रिपोर्ट येवचे नाय, ता तुका कदीपासून म्हायत?"

मला खोटं बोलता आलं असतं. एवढं एक तरी त्या दिवशी मी केलं नाही. "दिवाळीपासून, आपानू."

त्यांनी बोटांवर महिने मोजले नाहीत की आवाज चढवला नाही. पडवीत गेले, तांब्या उचलला, माडाच्या बुंध्याशी जाऊन चूळ भरली. पंच्याने तोंड पुसलं. त्यांनी चूळ भरली तेव्हाच मी समजले, कारण त्यानंतरचा शब्द फिरत नसे.

"मंदा, आजपासून तू माझ्या घराक येव नुको."

चेडवा नाही म्हणाले. नुसतं मंदा म्हणाले.

मी खळ्याच्या बाहेर येऊन वळून पाहिलं. ते कागद दोन्ही हातांत धरून काकीच्या घराकडे चालले होते. काकी पडवीत सुजलेले पाय पसरून बसली होती. त्यांनी तो तिच्या हातात दिला. "वयनी, तुझो रिपोर्ट. पयलो तुझ्या हातात देतलंय म्हणालेलंय." काकीला वाचता येत नव्हतं. तिने कागदाची घडी घातली आणि कनवटीला लावली.

दसऱ्याला, सोनं लुटायच्या आधी, गाव देवळात जमला. तोवर सगळ्यांना सगळं कळलं होतं, एक गोष्ट सोडून. लोक चिडलेले होते. कोणी म्हणे पोलिसात जाऊ, कोणी म्हणे त्या बाईला धरून आणू. आपा पुढे आले तसे सगळे गप्प झाले. सगळ्यांना वाटलं आता त्या डाक्टरणीच्या नावाने गाऱ्हाणं घालणार. मला वाटलं, आता माझं नाव येणार. मी बायकांच्या मागे, खांबाआड उभी होते.

"बा देवा म्हाराजा! गावान रगत दिलां ता माझ्या शबदार. खबर इली नाय. ह्येच्यात गावाची चूक नाय. ह्या गावातल्या आणखी कोणाचीच चूक नाय. जो काय दोष आसात, तो ह्या आपा घाड्याच्या जिभेर घाल रे म्हाराजा!"

आणि ते होकारासाठी थांबले.

कोणी बोललं नाही. माझ्या जन्मात मी आमचं देऊळ असं गप्प ऐकलेलं नाही. आपांनी मान वळवून गावाकडे पाहिलं. पुन्हा तेच शब्द म्हणाले, या वेळी आवाज फाटला. गाव खाली मान घालून उभा. मग बायकांतून रुक्मिणकाकी भिंतीला धरत धरत पुढे आली. "आपानू, ह्या गाऱ्हाण्याक हंय कोण व्हय म्हणूचो नाय. चला, घराक चला."

त्यांनी गावभरात एकाच माणसाला 'आणखी कोणाचीच' या दोन शब्दांत झाकून ठेवलं होतं. घराचं दार मला बंद केलं, पण गावाचं उघडं ठेवलं. त्या वेळी खांबाआडून बाहेर यायला मला चार पावलं लागली असती. मी ती टाकली नाहीत.

त्यानंतर आपांनी गाऱ्हाणं घातलं नाही. मान पुतण्याकडे दिला. कठड्यावरचा तांब्या दिसेनासा झाला. कोणी विचारलं, "उद्या येतल्यात?" तर म्हणायचे, "इलंय तर इलंय." आठवड्यातून दोनदा काकीबरोबर एसटीने डायलिसिसला जायचे, बाहेरच्या बाकावर बसून राहायचे आणि तिला घेऊन यायचे. न बोलावता, न शब्द देता. वाटेत मी दिसले तर मान हलवायचे. तेवढंच.

गेल्या वैशाखात ते गेले. झोपेतच गेले म्हणे. सगळा गाव आत जाऊन पाया पडून आला. मी खळ्याच्या बाहेर, कुंपणाच्या दगडी गडग्याला टेकून उभी राहिले. काकी, हाताला डायलिसिसची पट्टी, बाहेर आली आणि म्हणाली, "भितुर ये गो. तुझ्यार केवडो जीव तेंचो." मी मान हलवली आणि जागची हलले नाही. तिला वाटलं, रडू आवरत नाही म्हणून. तिथूनच नमस्कार केला.

परवा नवी माणसं आली होती, कुठल्याशा दुसऱ्या संस्थेची. प्रामाणिक वाटली. पण या आधीचीही वाटली होती. गावाने दारातूनच परत पाठवली. जाताना त्यातला एक जण मला म्हणाला, "ताई, तुमचं गावात वजन आहे म्हणतात. तुम्ही सांगाल तर लोक ऐकतील." गाव अजून त्या डाक्टरणीला शिव्या घालतो. मला कोणी काही म्हणत नाही. उलट, "बिचाऱ्या मंदाकव फसवल्यानी," म्हणतात.

आपांनी मागितलेला दोष गावाने त्यांना दिला नाही. मग तो गेला कुठे? कोणाच्या तरी नावावर तो आहेच.

येत्या दसऱ्याला मी देवळात पुढे जाणार आहे. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही. मी घालणारही नाही, नुसतं सांगणार आहे, की दिवाळीपासून मला माहीत होतं, आणि तरीही दुसऱ्या फेरीला मी तुमच्या दारात आले. हे लिहायला बसण्याआधी परसातल्या माडाशी जाऊन चूळ भरून आले आहे, त्यामुळे आता फिरता येणार नाही. आपांच्या वेळी गाव गप्प राहिला. माझ्या वेळी "व्हय म्हाराजा" म्हणेल.

म्हणू दे.